परळच्या विल्सबाई आणि आपल्या मुलांचं रक्त



गेल्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. तिळगूळ बाजूला राहिला आणि चर्चा रंगली ती मुलांच्या हिमोग्लोबिनवर! कोणाची मुलगी फिकट दिसते, कोणाचा मुलगा लवकर दमतो, कोणी भारतातून लोहाचं टॉनिक आणलंय, कोणी बीट किसून पराठ्यात घालतंय. मी चहा देता देता ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, हे सगळं आपण करून बसलोय!

आमची लेक तीन वर्षांची असताना तिचं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं. इथल्या डॉक्टरांनी पुढची तपासणी सुचवली होती, पण आम्ही दोघांनी परस्पर ठरवलं की लोह कमी असणार. आईने पुण्याहून टॉनिक पाठवलं. चार महिने रोज सकाळी नाक दाबून ते पाजलं. दात काळे झाले, पोट बिघडलं, आकडा मात्र तसूभर हलला नाही. मग राहिलेली तपासणी केली तेव्हा कळलं, लोह पुरेसं होतं. तिला थॅलसेमिया मायनर आहे, आणि तो माझ्याकडून आलाय. चूक सर्वस्वी आमची. कारण न शोधताच आम्ही उपाय सुरू केला होता. दिवसभर ऑफिसात बसून बगचं मूळ कारण शोधणाऱ्या माणसाने घरी असं करावं, याची लाज वाटली.

त्यानंतर स्लोटरडाइकच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी या विषयावर मिळेल ते वाचायचो. वाचता वाचता एक नाव वारंवार समोर येऊ लागलं, डॉ. ल्युसी विल्स. आणि त्यांच्या कामाचं ठिकाण कोणतं? आपलं परळ! माझी आजी लालबागच्या चाळीत वाढली. तिच्या लहानपणी चाळीतल्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडायच्या, काही बाळंतपणातच जायच्या, असं ती सांगायची. कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे नशीब. त्याच काळात तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एक इंग्रज बाई याच बायकांचं रक्त तपासत बसल्या होत्या, हे आजीला कधीच कळलं नाही. मलाही वयाच्या पस्तिशीत कळलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

विळे-कोयते करणाऱ्यांच्या घरातली मुलगी

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर सुखवस्तू. घरच्यांचा धारदार अवजारांचा कारखाना होता, तिथे गवत कापायची पाती आणि विळे बनत. वडील स्वतः विज्ञान शिकलेले, आईचे वडील बर्मिंगहॅममधले नावाजलेले डॉक्टर. त्यामुळे मुलीने शिकावं याला घरातून विरोध नव्हता.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेतून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. कारण सरळ होतं, त्या बाई होत्या! केंब्रिजने स्त्रियांना रीतसर पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ साली. त्याच १९११ साली त्यांचे वडील वारले आणि १९१३ साली मोठी बहीण अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली.

१९१४ साली त्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. भाऊ सैन्यात भरती झाला आणि ल्युसी यांनी केपटाऊनच्या एका इस्पितळात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून परिचारिकेचं काम केलं. इंग्लंडला परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. आपल्यापैकी ज्यांना तिशी उलटल्यावर नवं काही शिकायला उशीर झाला असं वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं!

डॉक्टर झाल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये गरोदर स्त्रियांच्या शरीरात होणाऱ्या रासायनिक बदलांवर संशोधन आणि अध्यापन सुरू केलं. त्यांचा मुंबईचा रस्ता इथूनच निघाला.

१९२८, मुंबई

त्या काळी मुंबईत डॉ. मार्गारेट बाल्फर नावाच्या एक वैद्यकीय अधिकारी होत्या. बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात, याची चौकशी करणारं एक काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालं होतं. त्यासाठी त्यांनी ल्युसी विल्स यांना बोलावून घेतलं. १९२८ साली, चाळिसाव्या वर्षी, विल्सबाई मुंबईत दाखल झाल्या.

हाफकिन म्हणजे परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस. प्लेगच्या लसीवर काम करणाऱ्या डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली तिथे आली आणि १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं. भोवती सगळा गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं एका खोलीत दहा-दहा जण राहत. बायकाही गिरण्यांमध्ये राबत. विल्सबाई आल्या त्या वर्षी तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणी कामगारांचा मोठा संप चालला. अशा वस्तीत ताटात काय पडत असेल, याची कल्पना करा.

गरोदर स्त्रियांमध्ये जो अ‍ॅनिमिया दिसत होता तो जरा निराळा होता. नेहमीच्या, लोह कमी पडून होणाऱ्या अ‍ॅनिमियात लाल पेशी आकाराने लहान आणि फिकट होतात. इथे त्या उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येने फार कमी. हे चित्र पर्निशस अ‍ॅनिमिया या आजारासारखं होतं. त्या आजारावर १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी उपाय शोधला होता. रोज भरपूर कलेजी खायची! पण मुंबईतल्या रुग्णांमध्ये त्या आजाराच्या इतर खुणा नव्हत्या. शिवाय कलेजी महाग, आणि शाकाहारी घरात तर प्रश्नच मिटला.

आधी शंका आली ती जंतूंची. त्या दिशेने तपास झाला, हाती काही लागलं नाही. मग विल्सबाईंनी प्रयोगशाळेतून नजर उचलली आणि स्वयंपाकघराकडे वळवली. मेहता आणि तळपदे हे त्यांचे मुंबईतले सहकारी. निरनिराळ्या समाजांतल्या आणि थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी करण्यात आली. १९३० साली ते निष्कर्ष छापले गेले. ज्यांच्या जेवणात फळं, भाज्या, दूध, मांस कमी, त्यांच्यात हा आजार जास्त. सर्वांत वाईट अवस्था गरीब मुस्लिम स्त्रियांची होती. त्यांचं जेवण सर्वांत निकस आणि आजारही त्यांच्यातच सर्वाधिक.

आज हे आपल्याला उघड वाटतं. पण त्या काळी रोग म्हटला की जंतू, असा विचार प्रबळ होता. बाईंनी बायकांना दोष दिला नाही, नशिबालाही नाही. ताटात काय कमी आहे, हा साधा प्रश्न विचारला.

उंदीर, माकड आणि मार्माइट

पण ताटात नेमकं काय कमी? यासाठी त्या १९२९ साली काही महिने निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सर रॉबर्ट मॅकॅरिसन आहारावर संशोधन करत होते. तिथे उंदरांना मुंबईतल्या गरीब बायकांसारखा आहार दिला गेला. उंदीर अशक्त झाले, गाभण माद्या तर पिल्लं होण्याआधीच मरू लागल्या. आहारात यीस्ट घातलं की अ‍ॅनिमिया टळायचा. उत्तर सापडलं असं वाटलं. आणि मग लक्षात आलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून त्यांना एक संसर्ग होत होता, त्यामुळे निष्कर्षांवर विसंबता येईना!

प्रोग्रॅम चालला म्हणून आपण खूष व्हावं आणि नंतर कळावं की टेस्ट डेटाच खराब होता, तशी ही गत. पण बाईंनी पाट्या टाकल्या नाहीत. त्यांनी उंदीर सोडून माकडं घेतली. बिलिमोरिया या सहकाऱ्यासोबत त्यांनी माकडांना निकस आहार देऊन तसाच मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया निर्माण करून दाखवला. तो शोधनिबंध १९३२ सालचा.

दरम्यान रुग्णांवरचे उपचारही चालू होते. अ आणि क जीवनसत्त्वांनी फरक पडला नाही. मग पाळी आली मार्माइटची. बिअर बनवताना खाली उरलेल्या यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट, चिकट लगदा. इंग्लंडमध्ये १९०२ पासून तो ब्रेडला लावून खातात. स्वस्त, टिकाऊ आणि शाकाहारी. मुंबईत आणि पुढे मद्रासच्या इस्पितळात गरोदर रुग्णांना तो दिला गेला आणि बायका भराभर सुधारू लागल्या. चेहऱ्यावर रंग आला, भूक लागू लागली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

त्यांची खरी हुशारी पुढच्या पायरीत दिसते. कलेजीचा साधा अर्क या रुग्णांना लागू पडत होता. पण तोच अर्क शुद्ध करून दिला, जो पर्निशस अ‍ॅनिमियाला उत्तम चालायचा, तर इथे उपयोग होईना. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गाळलं जात होतं आणि ते काहीतरी मार्माइटमध्ये होतं. दोन आजार दिसायला जुळे, पण कारणं दोन. त्या अज्ञात पदार्थाला पुढे विल्स फॅक्टर असं नाव पडलं.

१९३३ साली त्या लंडनला परतल्या. १९३७ च्या अखेरीस पुन्हा काही आठवड्यांसाठी हाफकिनला आल्या. त्या वेळी कराचीपर्यंत विमानाने आणि तिथून बोटीने! आपण स्किपोलला रात्री बसून सकाळी मुंबईला उतरतो, त्यांच्यासाठी हे नवलच होतं.

पानातलं आम्ल

विल्स फॅक्टर म्हणजे नेमकं काय, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून एक पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात वेगळा केला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याला नाव दिलं फॉलिक अ‍ॅसिड. इथे डच लोक त्याला फोलियमझूर म्हणतात, म्हणजे शब्दशः पानातलं आम्ल. विल्सबाई ज्याच्या मागे होत्या, तो पदार्थ अखेर सापडला होता.

पुढे प्रयोगशाळेत हे फॉलिक अ‍ॅसिड बनवलं ते अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या चमूने, आणि त्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४५ साली डॉ. टॉम स्पाइज यांनी ते रुग्णांना देऊन दाखवून दिलं की त्याने हा अ‍ॅनिमिया बरा होतो.

याचं काम काय? आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी तयार होतात. एक पेशी जगते साधारण १२० दिवस. पेशी दुभंगायची तर तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते, आणि त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ते नसेल तर पेशी फुगत जाते, पण दुभंगत नाही. म्हणून आकार मोठा आणि संख्या कमी. परळच्या सूक्ष्मदर्शकाखाली बाईंना दिसलं होतं ते हेच.

यातून लहान मुलांसाठी आणखी एक दार उघडलं. फॉलिक अ‍ॅसिडने पेशी वाढतात, तर त्याचं काम अडवलं की कर्करोगाच्या पेशीही थांबतील का? सुब्बाराव यांच्या चमूने अमिनॉप्टेरिन हे औषध बनवलं आणि बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांचा अहवाल छापला, त्यातल्या दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती, पण बालकर्करोगाच्या औषधोपचारांची सुरुवात तिथून झाली.

नंतरचं आयुष्य

दुसऱ्या महायुद्धात विल्सबाई रॉयल फ्रीमध्येच होत्या. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या विभागावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, काही माणसं दगावली. तरी काम पुन्हा उभं राहिलं. १९४७ साली पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख म्हणून त्या निवृत्त झाल्या.

निवृत्त म्हणजे नावापुरत्या! त्यानंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन त्यांनी पोषण आणि अ‍ॅनिमियावर काम केलं. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षातर्फे नगरसेवकही झाल्या. लग्न केलं नाही. कामावर जायच्या त्या सायकलवरून, म्हणजे इथे आल्या असत्या तर आपल्याच वाटल्या असत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

नोबेल त्यांना मिळालं नाही. कलेजीचा उपाय शोधणाऱ्यांना मात्र १९३४ साली मिळालं. २०१९ साली त्यांच्या वाढदिवशी गूगलने डूडल केलं, तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पण त्यांच्या कामाचं खरं फळ त्यांच्या मृत्यूनंतर मिळालं. गर्भात बाळाचा मणका आणि मेंदू ज्या नळीपासून बनतात, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. १९९१ साली सात देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की, ज्यांचं आधीचं मूल मणक्याच्या व्यंगाचं होतं अशा स्त्रियांनी आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. नेदरलँड्समध्ये १९९५ साली याची मोठी मोहीम झाली. आज इथल्या कुठल्याही ड्रोगिस्टच्या दुकानात फोलियमझूरची डबी मिळते. तिचं मूळ परळमध्ये आहे, हे दुकानदाराला सांगून बघा एकदा!

आता आपल्या मुलांकडे वळू

लाल पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या याच देशातल्या लोकांनी. आम्स्टरडॅमच्या यान स्वामरडाम यांनी १६५८ साली बेडकाच्या रक्तात, आणि डेल्फ्टच्या लेव्हेनहूक यांनी १६७४ साली त्यांचं नीट वर्णन केलं. आज रक्ताच्या रिपोर्टवर एमसीव्ही नावाची एक ओळ असते. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. आपण पालक फक्त हिमोग्लोबिन बघतो आणि ही ओळ सोडून देतो. विल्सबाईंचा सगळा शोध याच एका ओळीत आहे.

पेशी लहान असतील तर मुख्य कारणं दोन. लोह कमी, किंवा थॅलसेमिया. लोह कमी असेल तर लोह द्यायचं. एक वर्षानंतर मूल दिवसभर दुधावरच राहत असेल तर हे फार आढळतं, कारण दुधात लोह जवळजवळ नसतं. थॅलसेमिया मायनर असेल तर बहुधा उपचारांची गरजच नसते. मूल व्यवस्थित खेळतं, वाढतं. लोह कमी आहे असं तपासणीत दिसल्याशिवाय ते देऊ नये. मात्र आई आणि वडील दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलसेमिया मेजरची असते. त्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं आणि साठलेलं लोह औषधाने काढावं लागतं. म्हणून मायनर कळणं महत्त्वाचं, मुलाच्या आजच्या तब्येतीसाठी नव्हे, तर पुढच्या पिढीसाठी. आमची लेक मोठी होईल तेव्हा तिला हे सांगायचं, असं आम्ही ठरवलंय.

पेशी मोठ्या असतील तर फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी१२ कमी. शाकाहारी घरांनी इथे विशेष लक्ष द्यावं. बी१२ फक्त दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. आईमध्येच ते कमी असेल आणि बाळ केवळ अंगावर पीत असेल, तर बाळातही कमी पडतं. त्याचा परिणाम रक्तावर होतोच, शिवाय मेंदूच्या वाढीवरही होतो. आणखी एक धोका असा की नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून मोठ्या पेशी दिसल्या तर दोन्हींची तपासणी हवी. दिसायला जुळे, पण कारणं दोन, हे बाईंनी सांगितलेलंच आहे.

तिसरा प्रकार पेशी लवकर मोडण्याचा. यात सिकल सेल येतो. या आजारात पेशी विळ्यासारख्या वाकतात, १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच जगतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून भयंकर वेदना देतात. भारतात हा आजार पहिल्यांदा दिसला तो १९५२ साली निलगिरीत, जिथे विल्सबाईंनी उंदीर पाळले होते त्याच डोंगरांत. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेलची नोंद केली. आज विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे हजारो घरांत तो आहे, आणि २०२३ साली भारत सरकारने त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. पेशी भराभर मोडतात म्हणून मगजाला सतत नव्या बनवाव्या लागतात, त्यात फॉलिक अ‍ॅसिड खर्ची पडतं. म्हणून सिकल सेलच्या अनेक मुलांना त्याची गोळी रोज दिली जाते. विळे बनवणाऱ्यांच्या घरातल्या मुलीचं काम विळ्यासारख्या पेशींच्या मुलांच्या उपयोगी यावं, हा योगायोग मला फार आवडतो.

याच गटात जी-सिक्स-पीडीची कमतरता येते. अशा मुलांना काही औषधं, डांबराच्या गोळ्या आणि इथे बाजारात मिळणाऱ्या टाउनबोनन नावाच्या मोठ्या शेंगांचे दाणे बाधतात. आपल्याकडे घरात कोणाला ही कमतरता असेल तर डेकेअरमध्ये जरूर सांगावं.

इथे जन्मलेल्या बाळांची पहिल्याच आठवड्यात टाचेतून रक्त घेऊन तपासणी होते, ती हिलप्रिक. त्यात सिकल सेल २००७ पासून आणि थॅलसेमियाचे गंभीर प्रकार २०१७ पासून तपासले जातात. पण जी मुलं भारतात जन्मून नंतर इथे आली, त्यांची ही तपासणी झालेलीच असेल असं नाही. त्यामुळे घरात कोणाला असा आजार असेल, किंवा मूल फिकट, दमलेलं, काविळीसारखं पिवळट दिसत असेल, तर हाउसआर्ट्सला हे सगळं आपणहून सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

आणि स्वयंपाकघरात? पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरे, शेंगदाणे, संत्री हे सगळे विल्स फॅक्टरचे साठे. डच लोकांची बूरेनकोलही चालेल. भाजी फार वेळ उकळू नका आणि पाणी फेकू नका, कारण फॉलिक अ‍ॅसिड त्यातच निघून जातं.

जाता जाता

मी डॉक्टर नाही, साधा इंजिनियर आहे. इथे लिहिलंय ते माहितीसाठी, उपचार डॉक्टरांनाच विचारून करावेत. सांगायचं एवढंच की फिकटपणा हे लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. एका मुलाला जे टॉनिक तारतं, ते दुसऱ्याला निरुपयोगी ठरू शकतं. आधी पेशीचा आकार बघा, ताट बघा, आई-वडिलांचं रक्त बघा, मग बाटली उघडा.

पुढच्या वेळी मुंबईला जाल तेव्हा परळवरून जाताना हाफकिनच्या जुन्या इमारतीकडे एक नजर टाका. माझ्या आजीच्या चाळीतल्या ज्या बायका अशा गेल्या, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण त्यांच्यासारख्याच बायकांच्या रक्ताच्या थेंबांतून जे कळलं, त्यावर आज जगभरची लेकरं धडधाकट जन्माला येतात. विल्सबाईंना नमस्कार करताना त्या बायकांनाही करूया.

लेखात काही चुकलं असेल तर जरूर कळवा. चूकभूल द्यावी घ्यावी.